रविवारचे दोन आकडे

आमच्या घरी रविवारी शेगडी पेटायची ती फक्त चहासाठी आणि कालवण गरम करायला. बाकी सगळं शनिवारी उरकलेलं असे. बटाटे सोलून पाण्यात टाकलेले, कपड्यांना इस्त्री केलेली, बुटांना पॉलिश झालेलं. बाबांची दाढीसुद्धा शनिवारी संध्याकाळीच. बाबा नगरला मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारचं वर्तमानपत्र ते घडी न मोडता कपाटावर ठेवायचे आणि सोमवारी शाळेतून आल्यावर वाचायचे. शिळ्या बातम्या वाचतात म्हणून आम्ही भावंडं त्यांना हसायचो, पण शनिवारी दुपार झाली की निमूटपणे कामाला लागायचो. प्रभूचा दिवस मोकळा ठेवायचा तर त्या दिवसाचं काम आदल्या दिवशी संपवायचं. ते माझ्या अंगात इतकं मुरलं की पुढे नोकरीतही मी तेच करत राहिले.

मी औषध निर्माता आहे. कागदोपत्री हुद्दा मोठा आहे, गावात मात्र सगळे मला औषधवाल्या बाई म्हणतात. मिरजगावात भाड्याने राहते आणि तिथून सहा किलोमीटर आत, एका गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, स्कूटीवर जाते-येते. सोळा वर्षं झाली. गोळ्या-औषधांचा साठा माझ्याकडे होता आणि लसींचा फ्रीजही माझ्याकडेच होता. हा फ्रीज घरच्यासारखा उभा नसतो. आडवा, पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा. आत थर्मामीटर ठेवलेलं असतं. तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे. सकाळी आणि संध्याकाळी झाकण उघडून आकडा बघायचा, तक्त्यात लिहायचा, पुढे सही करायची. रविवार असो, दिवाळी असो, नाताळ असो, रोज दोनदा. लसीला सुट्टी नसते.

मला मात्र रविवार होता. मग मी काय करायचे, तर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता शनिवारचा आकडा लिहिला की खालच्या ओळीत रविवारचे दोन आकडेही लिहून टाकायचे. चार, चार. दोन्हींपुढे सही. फ्रीज नेहमी चारवरच असायचा, त्यामुळे हात थबकायचं काही कारण नव्हतं. बटाटे सोलून ठेवावेत तसंच ते होतं. याला खोटं म्हणतात हे इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही. आज हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

तुम्ही म्हणाल, बाई एकूणच तशा असतील. तशी मी नव्हते, हीच तर पंचाईत आहे. मुदत संपलेल्या सलाइनच्या बाटल्या जुन्या तारखेने रुग्णांना लावल्या असं दाखवायला मी साफ नकार दिला होता. तेव्हाचे डॉक्टर सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. औषधं पुरवणाऱ्याने दिवाळीला पाठवलेला मिठाईचा खोका मी त्याच्याच टेम्पोत नेऊन ठेवला होता, आणि ड्रायव्हर 'अहो बाई, राहू द्या की' म्हणत असताना टेम्पोचं दार माझ्या हाताने लावलं होतं. हल्लीचे डॉक्टर तरुण आणि थट्टेखोर. तपासणीला कुणी आलं की म्हणायचे, "आमच्या मॅडमचं रजिस्टर म्हणजे कोर्टातली शपथ. ख्रिस्ती बाई आहेत, खोटं लिहीत नाहीत." मी मान खाली घालून कागद पुढे करायचे. ऐकायला आवडायचं मला ते.

खरं सांगायचं तर त्या काळात मला आवडायचं असं तेवढंच उरलं होतं. सात-आठ वर्षं झाली असतील, प्रार्थनेला बसलं की मनात काही हलत नसे. काही घडलं होतं अशातला भाग नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. एका रविवारी गीत म्हणताना लक्षात आलं की ओठ हलतायत, बस. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सांगावं तर कारण काय सांगणार? दुःख असेल तर मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसं घरी येतात, शेजारी बसून प्रार्थना करतात. काहीच वाटत नसेल तर काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. मग मी नियम घट्ट धरले. उपासना चुकवायची नाही. उपवासकाळात मटण नाही. रविवारी कसलंही काम नाही, मोबाईलसुद्धा बंद. बाहेरचं तरी नीट राहू दे, असा विचार असावा. विचार म्हणण्याइतकंही ते नव्हतं, सवयच होती.

केंद्रात एक परिचर होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पन्नाशीचे, ठेकेदारामार्फत लागलेले, तरी मी आले त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत आलेले. घरी थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यात ज्वारी आणि तूर. शनिवारी त्यांची सुट्टी असे, आणि रविवारी दिवसा केंद्रात कुणीच नसे. रविवारी संध्याकाळी सहाला यायचे ते सोमवारी सकाळी आठपर्यंत केंद्र सांभाळायचे. फ्रीजच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची, ती मी कधी कुणाला दिली नाही. दाराला काच होती आणि काचेतून फ्रीजचा हिरवा दिवा दिसायचा. दिवा चालू आहे ना, एवढंच मामांनी बघायचं. तापमानाचा तक्ता दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असे, कारण तपासणीला येणाऱ्या साहेबांना आधी तोच बघायचा असतो. मामा मला येता-जाता "सलाम, बाई" म्हणायचे. आमच्या लोकांत सलाम म्हणतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. केंद्रात दुसरं कुणी तसं म्हणत नसे.

मे महिन्यातला सोमवार होता. नऊ वाजता मी फ्रीजच्या खोलीचं दार उघडलं तर हिरवा दिवा बंद. स्टॅबिलायझरपाशी जळकट वास येत होता. झाकण उचललं, थर्मामीटर बाहेर काढलं. तेरा. पोलिओच्या कुप्यांवर एक छोटा चौकोन असतो, उष्णता लागत गेली की तो काळवंडत जातो. सगळे काळवंडले होते. तापमान आपोआप वर कळवणारं एक यंत्र आम्हाला बसवून दिलं होतं, पण त्याची बॅटरी जाऊन तीन महिने झाले होते. त्याबद्दल मी दोन पत्रं पाठवली होती, दोन्हींच्या प्रती फाइलला होत्या. माझं सगळं फाइलला असायचं.

सकाळी मोबाईल सुरू केला तेव्हा आदल्या संध्याकाळचे मामांचे तीन फोन येऊन गेलेले दिसले होते. सव्वासहाच्या सुमाराचे. केंद्रात जातेच आहे, तिथे विचारू, म्हणून मी परत केला नव्हता. मी पोचले तेव्हा मामा घरी गेले होते.

फ्रीज नक्की कधी बंद पडला ते कुणालाच माहीत नव्हतं. शनिवारी मी स्कूटीला किक मारली त्यानंतर पाच मिनिटांनीही पडला असेल. मला माहीत नव्हतं. तक्त्याला मात्र माहीत होतं. रविवारी सकाळी चार, संध्याकाळी पाच वाजता चार, पुढे माझी सही. मी त्या दोन आकड्यांकडे बघत उभी राहिले. धडकी भरायला हवी होती, पण तसंही काही झालं नाही. पुढच्या ओळीत 'सोमवार, सकाळ' असं लिहून मी खरा आकडा लिहिला, तेरा, आणि डॉक्टरांना फोन लावला.

सगळी लस बाद झाली. मंगळवारचं लसीकरण रद्द करावं लागलं. तान्ही लेकरं घेऊन आलेल्या बायकांना गावच्या आशा सेविकांनी दारातूनच परत पाठवलं, त्यातल्या दोघी तर उन्हातान्हात लांबच्या वस्तीवरून चालत आल्या होत्या. नव्या कुप्या बुधवारी आल्या, नवा स्टॅबिलायझरही आला. आणि गुरुवारी चौकशीला नगरहून जिल्हा आरोग्य खात्याचे साहेब आले.

चौकशी म्हणजे काय, डॉक्टरांच्या खोलीत चार खुर्च्या. साहेब, डॉक्टर, मी. मामा उभे. त्यांना बस कुणी म्हटलं नाही, मीही नाही. साहेबांनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर करून ओळीवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रविवारी पाच वाजता फ्रीज व्यवस्थित होता, सहाला मामा ड्यूटीवर आले, त्यानंतर बिघाड झाला आणि मामांनी तो कळवला नाही. वेळेवर कळलं असतं तर कुप्या बर्फाच्या पेटीत घालून दुसऱ्या केंद्रात हलवता आल्या असत्या.

"कळवलं की, सायेब," मामा म्हणाले. "म्या सहाला आलो तवाच दिवा बंद हुता. बाईंना फोन लावला, बंद हुता. मंग डॉक्टरसायबांना लावला. त्ये म्हनले, बाईंनी तापमान घेतलंय का बघ. म्या तक्ता बघितला. संध्याकाळचं चार लिव्हल्यालं, फुडं बाईंची सई. म्या म्हनलं, बाई आत्ताच येऊन गेल्यात, फ्रीज बरा हाय, निस्ता दिव्याचा बल्ब गेला आसंल."

"हो, मी तक्ता बघायला सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. ते त्या दिवशी पुण्यात होते. खोटं तेही बोलले नाहीत.

"अहो, पण ते चार अंश पाच वाजताचं," साहेब म्हणाले. "दिवा बंद दिसतोय म्हटल्यावर नंतर पुन्हा कुणाला तरी कळवायला नको? की झोपलात?" मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, रविवारी संध्याकाळी पाचला चार होतं ना?"

मी जे बोलले ते अजून तसंच्या तसं पाठ आहे. "तक्त्यात जे लिहिलंय ते तुमच्या समोर आहे, सर."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. हे त्या क्षणीच माझ्या ध्यानात आलं आणि, लिहायला जड जातं, पण जरा बरंही वाटलं. खोटं न बोलता सुटले म्हणून. मामा माझ्याकडे बघत होते ते आधारासाठी. "बाईंनी बघितलं हुतं म्हनून म्या गप बसलो, सायेब. बाई कवा चुकायच्या न्हाईत," असं ते पुन्हा म्हणाले. साहेबांनी तक्त्याची झेरॉक्स काढून घ्यायला सांगितली.

आरडाओरडा काही झाला नाही. साहेब चहा पिऊन गेले. शुक्रवारी ठेकेदाराचा फोन आला आणि मामांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. मामांनी खुंटीवरची पिशवी घेतली, डबा घेतला. पाण्याच्या टाकीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "सलाम, बाई," म्हणाले. मी सलाम म्हटलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की मामा ड्यूटीवर झोपला आणि पोरांची लस नासली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पाच वाजता मी झाकण उघडलं. चार. शनिवारचा आकडा लिहिला, सही केली. आणि खालच्या ओळीत रविवारचे दोन आकडे लिहिले. चार, चार. दुसरी सही करून पेन मिटलं तेव्हा कळलं की मी काय केलं. खोडलं नाही. खाडाखोड केलेला तक्ता मी कधी ठेवलेला नाही. कुलूप लावलं आणि घरी गेले.

आमची मंडळी लहान आहे, पंधरा-वीस घरांची. देऊळ पत्र्याचं, आत चटया, म्हाताऱ्यांसाठी चार बाक. महिन्यातून एकदा उपदेशाआधी कुणीतरी उभं राहून साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतं. त्या रविवारी माझी पाळी होती. महिन्याभरापूर्वीच पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, "बाई, तुम्ही नोकरीतल्या साक्षीबद्दल बोला. आपल्या तरुण मुलींना ऐकू द्या, सरकारी खात्यात राहूनसुद्धा सरळ चालता येतं." नाही म्हणायला कारण लागलं असतं. मी उभी राहिले. सलाइनच्या बाटल्यांचं सांगितलं. मिठाईच्या खोक्याचं सांगितलं, तेव्हा लोक हसले. डॉक्टर काय म्हणतात तेही सांगितलं. पुन्हा तेच, प्रत्येक वाक्य खरं. बाकावरच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी आभाराची प्रार्थना केली. मी डोळे मिटून उभी होते आणि पत्रा तापला की कसा टकटक वाजतो ते ऐकत होते.

मी स्वतःला ढोंगी म्हणवून घ्यायला तयार आहे. पण ढोंग करताना माणसाला आत काहीतरी टोचत असेल, भीती तरी वाटत असेल. मला तसं काहीच होत नव्हतं. घरी येऊन वरण-भात गरम केला, जेवले, झोपले. मोबाईल बंद होता.

सोमवारी सकाळी साडेआठला मिरजगावच्या स्टँडपाशी मामा दिसले. कर्जतच्या गाडीची वाट बघत होते, ठेकेदाराला जाऊन भेटायचं होतं. लांबूनच त्यांनी हात वर केला, म्हणून मी स्कूटी थांबवली.

"सलाम, बाई. बरं झालं भेटला. येक इच्यारायचं हुतं." ते अगदी जवळ आले. "त्या रईवारी तुमी नेमकं किती वाजता आलता? मंजी तुमी आलता तवा दिवा चालू आसनार. म्या सहाला आलो तवा बंद. मंग त्या मधल्या तासातच कायतरी झालं ना? म्या आठ दिस त्योच इचार करतोय. त्या दिशी वायरमन पोलवर चढल्याला हुता, आसं कुनी म्हनलं. म्या काल त्याच्या दारात जाऊन भांडलो. त्यो म्हनतो, देवाशप्पत, म्या हात लावला न्हाई. पर तुमी नेमका टाइम सांगितला तर धरता यील त्याला."

त्यांच्या आवाजात नोकरी गेल्याची रड नव्हती. त्यांना फक्त तो एक तास सापडत नव्हता. आणि तो तास मुळात नव्हताच. वायरमन माझ्या ओळखीचा, दोन लेकरांचा बाप, त्याच्या दारात जाऊन हा माणूस माझ्यामुळे भांडून आला होता. मला उत्तर देणं भाग होतं. इथे तक्ता समोर नव्हता.

"मी आले नव्हते, मामा," मी म्हटलं.

ते हसले. "आसं कसं? सई हाय की तुमची."

"सही शनिवारी केली होती. आकडेही शनिवारीच लिहिले होते. रविवारी मी येत नाही."

"येता की," ते म्हणाले. त्यांनी मला समजावून सांगायला सुरुवात केली, जशी काही मीच विसरले होते. "दर रईवारी म्या सहाला येतो तवा तक्ता भरल्याला आस्तो. तुमी देवळातनं येताना बघून जाता. म्या गावात सांगतो लोकांना, आमच्या बाई सुट्टीच्या दिशी बी येऊन जात्यात, आन सायेब लोकं पुन्याला जाऊन बसत्यात."

"नाही, मामा. कधीच आले नाही. शनिवारीच लिहून ठेवते."

"दर रईवारी?"

"दर रविवारी."

गाडी आली. कंडक्टर खाली उतरून कर्जत, कर्जत ओरडायला लागला. मामा माझ्या स्कूटीच्या पुढच्या चाकाकडे बघत होते. मला वाटलं, आता चिडतील. चार लोकांत काही बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं, कदाचित मला ते हवंही होतं.

"मला किल्ली दिली आसती तर म्या बघितलं आसतं," ते म्हणाले. "सातवी झालोय म्या. आकडं येत्यात मला, बाई."

एवढं बोलून ते गाडीत चढले. त्या दिवशी सलाम नाही म्हणाले.

चौदा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला थर्मामीटर वाचता येतं का. मी गृहीतच धरलं होतं की येत नसणार, आणि आलं तरी खरं लिहिणार नाहीत. माझ्या प्रामाणिकपणात हेही बसवलेलं होतं, आणि त्याची मला जाणीवही नव्हती.

केंद्रात पोचल्यावर मी पहिल्यांदा कागद घेतला आणि जबाब लिहिला. रविवारचे आकडे शनिवारी लिहिलेले आहेत, हे अनेक वर्षं चालू आहे, परिचराने दिवा बंद असल्याचं वेळेवर कळवण्याचा प्रयत्न केला, माझा फोन बंद होता, माझ्या खोट्या नोंदीमुळे त्यांची दिशाभूल झाली. डॉक्टरांनी वाचला, पुन्हा वाचला. "मॅडम, अहो मिटलंय ते. कशाला उगीच? तुम्ही अडकाल आणि त्यांची जागा ठेकेदाराने भरलीसुद्धा." मी म्हटलं, पाठवा. त्यांनी पाकीट बंद करून नगरला पाठवलं, आणि कुणापाशी बोलले नाहीत. मला ते बरंच वाटलं, हेही सांगून टाकते. कागद पाठवला, आपलं काम झालं, गावाला कळायची काय गरज, असा माझा हिशेब होता. वायरमनला मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं की तुमचा संबंध नाही, मामांचा गैरसमज झाला. कशामुळे झाला ते सांगितलं नाही.

दोन महिने गेले. माझ्यावर लेखी ठपका आला आणि लसींचं काम माझ्याकडून काढून सिस्टरकडे दिलं. मग जुलैत मामांना परत घेण्याचं पत्र निघालं. मी डॉक्टरांना म्हटलं, पत्र मीच नेऊन देते.

मामांचं घर गावाच्या कडेला आहे, पुढे शेणाने सारवलेला ओटा. ओट्यावर शेजारच्या तीन-चार बायका पेरणीच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मामा शेतात गेले होते. त्यांच्या बायकोने मला घरात बसवलं, चहा टाकला. पत्र तिने दोन्ही हातांत घेतलं आणि वाचता येत नसताना बराच वेळ बघितलं. मग डब्यांच्या फळीवर ठेवून त्यावर तांब्या ठेवला. चहा देताना ती माझ्याकडे न बघता बोलली.

"बाई, राग मानू नका, येक बोलू का? लई वंगाळ दिस गेलं. पारावर गेलं की लोकं म्हनायची, 'काय मामा, झोप झाली का?' लेकीच्या सासरी बी गेली ही गोष्ट. म्या म्हनायची, आवं, खरं काय त्ये सांगून टाका की येकदाचं. तर म्हनायचं, न्हाई. बाईंचं नाव खराब व्हईल. त्यांच्या देवळातल्या लोकांत त्यांची पत हाय, येकटी बाईमानूस हाय. आपल्याला काय, चार दिस बोलतील आन इसरतील."

म्हणजे दोन महिने त्यांना सगळं माहीत होतं. स्टँडवर मी माझ्या तोंडाने सांगितलेलं होतं. एक वाक्य बोलले असते तर गावाने त्यांना सोडून मला धरलं असतं, आणि ते बोलले नव्हते. वायरमनच्या दारातसुद्धा त्यांनी माफी मागितली, पण माझं नाव घेतलं नव्हतं, असं तिने सांगितलं.

मला लाज वाटली. कशाचीच खात्री नसलेल्या त्या वर्षांत ही एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकते. हातातली बशी मी खाली ठेवली. देवळात उभं राहून मी काय काय सांगितलं होतं ते सगळं आठवलं, आणि आत्याबाईंचा डोळ्याला लावलेला पदर आठवला. चहा तसाच राहिला. मामांच्या बायकोला वाटलं, साखर कमी पडली.

मी उठून ओट्यावर आले. बायकांनी वर बघितलं. "बसा की, बाई," त्यातली सगळ्यांत वयस्कर होती ती म्हणाली आणि सूप बाजूला सरकवलं. मी बसले नाही. मी त्यांना सांगितलं. मामा झोपले नव्हते. दिवा बंद पडलेला त्यांनी बघितला होता. त्यांनी मला फोन केला होता आणि तो मी बंद ठेवला होता. मी यायला पाहिजे होतं, मी आले नव्हते, आणि आल्याचं खोटं लिहून ठेवलं होतं. ते वाचून मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला. लस माझ्यामुळे नासली.

हे सांगायला फार वेळ लागला नाही. मामांची बायको मागे दारात येऊन उभी होती, पदर तोंडाशी धरून. वयस्कर बाई माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"आवं, आमी तोंडावर बोललो की त्याला," ती म्हणाली. "आन त्यो येवढं दिस गप कुनासाठी ऱ्हायला?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.